डाव्या हाताचा मोजा

वर्षातून दोनदा येते पुस्तकांची बोट,
एकदा सप्टेंबरात, आणि मार्चमध्ये,
धक्क्यावरचा बर्फ फावड्याने ओढून जीव विटला की.
आमच्या फ्योर्डच्या या काठाला घरं अकरा. पैकी दोन बंद.
सामन माशांच्या जाळ्यांवरची पाळी संपवून
मी जातो तसाच, गमबूट न काढता,
आणि ग्रंथपाल तुरिद नाकाला रुमाल लावून
न विचारताच पुढे सरकवते
इन्स्पेक्टर फ्लाटेब्योचा नवा भाग.

चौदावा.

हा फ्लाटेब्यो प्रेत बघितलं की घेरी येऊन पडतो.
सहाव्या भागात तर प्रेताशेजारीच आडवा झाला,
डॉक्टरांनी आधी यालाच मृत घोषित केलं.
संशयिताच्या घरी चौकशीला गेला
की वॉफलं संपेपर्यंत उठत नाही;
निम्मे खुनी वैतागून कबूल होतात,
पीठ संपलं म्हणून.
मी रात्री एकटाच हसतो. कुत्री
एक डोळा उघडते, बघते, मिटून घेते.

खुनी कोण, याचं मला फारसं काही नसतं.
तो सापडतो. सापडण्यासाठीच असतो.
माझा जीव अडकलाय मोज्यात.
पहिला भाग, पान नऊ, ट्राममध्ये
त्याचा डाव्या हाताचा लोकरी मोजा हरवला,
आईने विणलेला, राखाडी, अंगठ्याला रफू.
तेव्हापासून तेरा भाग, चौदा खून
(चौथ्यात जुळे भाऊ गेले),
सगळे उलगडले. मोजा नाही.
हात खिशात कोंबून हिंडतो बिचारा.

तिसऱ्या भागात समासात पेन्सिल दिसली,
बारीक, उजवीकडे कललेली:
‘मोज्याचं काय?’
मी खाली लिहिलं, ‘तेच म्हणतो.’
सहा महिन्यांनी तोच भाग मुद्दाम परत मागितला.
खाली उत्तर: ‘ट्रामवाल्यावर माझा संशय.’

तेव्हापासून चाललंय.
पाचव्यात, ‘तुमच्याकडे बर्फ किती?’
‘कंबरेएवढा. खिडकीतून बाहेर पडतोय.’
नवव्यात, ‘कॉफी सांडली, माफी असावी’,
आणि शेजारी खरंच एक तपकिरी बेट.
नाव नाही, गाव नाही.
बोट बावीस ठिकाणी थांबते.
तुरिदला माहीत असणार. ती खोडरबर हातात धरून
‘पुस्तकात लिहितं कोण?’ असं छताला विचारते,
खोडत मात्र काही नाही.

पण चौदावा कोरा. पाठ कुरकुरते, समास पांढरे.
या वेळी पहिल्यांदा मीच वाचणारा,
मलाच बोलायचं आधी.
पान दोनशे एक: ट्राम कंपनीचं हरवल्या वस्तूंचं कपाट,
फ्लाटेब्यो खालचा खण ओढतो,
खण अडकतो,
प्रकरण संपतं.
मासे सोलायच्या सुरीने मी पेन्सिलीला टोक काढलं.
‘पाहिलंत?’ की ‘पाहिलंस?’
यात अख्खी संध्याकाळ गेली.
शेवटी ‘पाहिलंस?’

सप्टेंबरात पुस्तक परत केलं. बोट वळली,
भोंगा वाजला, लाटा धक्क्याला लागून थांबल्या.
घरी येऊन बघतो तर फ्रिजच्या दारावर
नुसतंच लोहचुंबक.
विजेचं बिल मी खूण म्हणून घातलं होतं, पान दोनशे एक.
त्यावर माझं नाव, पत्ता,
आणि लाल शाईत तीन महिन्यांची थकबाकी.

चौदा भागांत एकही खुनी
इतका बावळट नव्हता.

कुत्री दोन्ही डोळे उघडून बघतेय.
मी स्टुलावर चढलोय.
वॉफलचा साचा वरच्या फळीवर होता कुठंतरी.