दुसरं सत्र

दिवाळीनंतर शाळा उघडायची, ती उघडलीच नाही.
समुद्रात कुठेतरी एक वादळ वळलं,
बातम्यांत त्याचं नाव रोज वेगळं उच्चारायचे,
आणि मार्गशीर्षात, आंब्याला मोहोर धरता धरता,
नऊ दिवस पाऊस.
मी जतचा. आमच्याकडे पाऊस
हाका मारूनही येत नाही.
इथे न बोलावता आला, तोही थंडीत,
ओल्या पायांनी थेट वर्गात.

आज घंटा दिली.
घंटा म्हणजे रुळाचा तुकडा;
गंज चढलाय, आवाज तोच.
एकोणीसपैकी अकरा.
बाकीचे कुठे, तर मनवा कुबल सांगते,
"सुकी मासळी परत पसरतायत, गुरुजी.
कुजली ती पुरतायत."
हजेरीपटावर पेनाने लिहायचं
ते पेन्सिलीने लिहिलं.

पत्रे अर्धेच आले. उरलेल्या अर्ध्यावर ताडपत्री,
त्यामुळे अकराच्या उन्हात
तिसरी-चौथी सगळी निळी दिसते.
दत्तराज सारंग म्हणाला, आपण पाण्याखाली शिकतोय.
कोणी हसलं नाही.
मग सगळेच हसले.

फळ्यावर आठ नावं होती.
वेरावळची एक बोट वादळात खाडीत शिरली,
खलाशी इथे निजले, एवढं कानावर होतं.
नावं कोणी लिहिली, कशाला, ते नव्हतं.
सातांपुढे बरोबरची खूण.
आठव्यापुढे काहीच नाही.
टेकबहादूर.

मुलांनी मनात ठरवून टाकलं.
इब्राहिम मुकादमच्या घरी
दर्याचा हिशेब माहीत आहे.
तो हळूच म्हणाला, "गुरुजी, पुसू नका."
डस्टर खाली ठेवलं.
तारीख कोपऱ्यात लिहिली, मुंगीएवढी.
उरल्या जागेत भागाकार शिकवला,
आणि उदाहरणात नेमकी
बाकी उरली एक.

दुपारी कपाट उघडलं.
पंचनाम्यात मी आधीच लिहून दिलं होतं,
पुस्तके : नष्ट.
पुस्तकं कोरडी होती.
पानं फुगून पापडासारखी वाकडी,
धुराचा वास,
आणि पहिलीच्या पुस्तकावर, बदकाच्या चित्राशेजारी,
राखेचा एक अंगठा.

द्वारकाकाकी खिचडी ढवळत होत्या.
विचारलं, तर मान वर न करता,
"सातच चादरी होत्यो, गुरुजी.
ग्रामसेवकान खुणा केल्यान.
आठव्याक पुरली नाय.
तो हसलो. म्हणालो, हेका थंडी म्हणनत नाय.
रातभर माझ्या चुलीकडे बसलो,
एकेक पान उलटून सुकवल्यान.
वाचीत पण होतो.
अक्षरां आपलीच, चाल भलतीच."
मग मीठ चाखून बघितलं त्यांनी,
आणि विषय संपला.

वर्गात येऊन सांगितलं.
दहा जणांनी एकदम श्वास सोडला.
इब्राहिम म्हणाला, "मग आता कुठे आहे तो?"
ते मला माहीत नव्हतं.
नकाशा काढला. हिमालयावर बुरशी आली होती.
रुमालाने पुसली,
बोट ठेवून म्हटलं, इथला.
तो बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिला,
तिथून खाली, समुद्रापर्यंत,
किती वीत होतात ते मोजत.

पाच वाजता शाळा सुटली.
फळा तसाच आहे.
पंचनाम्यातला 'नष्ट' मी खोडलाय खरा,
पण शेजारी कारणाचा रकाना आहे,
आणि तिथे काय लिहायचं
ते अजून सुचत नाही.

उद्या धडा सातवा.
पुस्तक आता नीट मिटत नाही,
वर दगड ठेवावा लागतो.