ओलं, सुकं

भिंतीवर लाल रंगात सत्तेचाळीस लिहून गेले
तेव्हा मी ड्यूटीवर होते.
संध्याकाळी पाहिलं: साताची शेपटी
ओघळत पाण्याच्या ड्रमापर्यंत आलेली.
संघदीप म्हणाला, अक्षर बरं आहे.

नाला होता तोवर आमचा होता.
आता इंदूरला म्हणे त्याची पुन्हा नदी करायचीय.
नदीला काठ लागतो,
काठाला बाकं,
बाकांना दिवे.

सासूबाईंच्या नावाचा पट्टा होता, लॅमिनेशन केलेला.
साहेबानं उन्हात धरला, नोट खरी की खोटी पाहतात तसा.
मुदत संपली, म्हणाला.
सासू पण संपली साहेब, घर तेवढं उरलंय.
तो हसला, वाईट माणूस नव्हता.
बायपासच्या पलीकडे फ्लॅट आहे म्हणाला, आधी पैसे भरा.
पहाटे पाचला तिथून राजवाड्याला कोण आणून सोडतं
ते त्याच्या कागदात नव्हतं.

ज्या दिवशी पिवळी मशीन आली
मी झाडून थेट तिकडंच धावले,
अंगात निगमचं जॅकेट तसंच.
सामान काढायला वीस मिनिटं. बारा गेली होती.
शिपायानं दोरी वर उचलून मला आत घेतलं,
त्याला वाटलं मी त्यांचीच.
मुकादमानं ओळखलं, पण नजर वळवून म्हणाला,
देऊबाई, आलीच आहेस तर रस्ता मोकळा कर.

मी केला.
पंधरा वर्षांचा हात, थांबतो थोडाच.
भिजवलेली मटकी ओल्यात.
चपला, वह्या, पत्र्याचा डबा सुक्यात.
फुटलेली ट्यूबलाइट वेगळी, ती घातक.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणायची सासू;
आमच्या गाडीत नाही जळत,
आमच्या गाडीला सहा कप्पे आहेत.
डंपरवरचा बंटीभिया खाली उतरलाच नाही,
काच वर करून बसला, भर उन्हात.

विटेचा एक तुकडा सापडला,
त्यावर साताची शेपटी.
कुठल्या कप्प्यात टाकावा सुचेना.
जॅकेटच्या खिशात टाकला.

वकील म्हणाला होता स्टे मिळेल.
मिळाला. दुपारी चार वाजता.
संघदीपनं मोठ्यानं वाचून दाखवला,
ड्रमावर उभा राहून, कारण उभं राहायला
तेवढंच काही शाबूत होतं.

सकाळी सहाला हजेरी.
मशीनवर अंगठा ठेवला,
हिरवा दिवा लागला.
अंगठा लागतो तिला,
पत्ता लागत नाही.