तीनशेवीस

साहेब स्टूल ठेवून गेले.
"महिनाभर हिला तुमच्याकडे शिकू दे."
कुबलांची सुनयना, डिप्लोमावाली,
बोटांना काजूचा चीक अजून ठाऊक नाही.
वही उघडून म्हणते,
"सांगा, लिहून घेते."

काय सांगू?
एकवीस वर्षं हेच टेबल, हीच ट्यूबलाइट,
वेंगुर्ल्याच्या बंदराकडून येणारा खारा वारा,
आणि हात आपला जातो:
हा दोनशेचाळीस, हा तीनशेवीस,
हा करपट, ही पाकळी.
तोंडाला कधी कुणी विचारलंच नाही.
मला शिकवलं मोनीबायने,
चुकलं की मनगटावर चापट, बस्स.

"पण कळतं कसं?"
एक गर उचलला, उजेडात धरला,
आणि पहिल्यांदाच ठरेना
कुठल्या ढिगात टाकू.

ती हसली नाही. वही मिटून म्हणाली,
"तीनशेवीस म्हणजे पौंडात तीनशेवीस गर मावतात ना?"
असेल.
मला वाटायचं, ते नावच आहे त्याचं,
जसं माझं सुहासिनी.

वर्षभराने हीच माझ्या हजेरीवर सही करील.
दोघींना माहीत आहे. दोघी गप्प.

जेवणानंतर तिचा एक गर
भलत्याच ढिगात पडलासा वाटला.
हात चापटीसाठी उठलाच होता माझा,
मग नखाने गर बाजूला सारला.
"परत बघ."
बराच वेळ बघून म्हणाली, "बरोबर आहे हा."
मी उचलला.
बरोबर होता.

"स्टूल जवळ ओढ गो," म्हटलं,
"थंय उजेड पोचत नाय."