इथे ओढा

भोसरीच्या टूलरूममध्ये एकवीस वर्षं
मी पत्र्याला शिकवत आलोय
कुठं सरकायचं, कुठं थांबायचं.
कागदाचं काम पहिल्यांदाच आलं.
ऑर्डर ईश्वरीची, वय नऊ.
ड्रॉइंग वहीच्या मागच्या पानावर, जांभळ्या स्केचपेननं:
एक भोपळा, पुढचे दात पडलेला,
आणि त्यातून निघणारं भूत.
"नुसतं चिकटवायचं नाही, बाबा. वर यायला पाहिजे."

सोसायटीत एकतीस तारखेला हॅलोविन.
गेटवर कंदील अजून तसेच,
तुळशीचं लग्न व्हायचंय,
आणि क्लबहाऊसच्या दारात कापसाची कोळिष्टकं.
वॉचमन विचारतो, साहेब,
ही झाडून काढायची का ठेवायची?

काळं कार्डशीट अप्पा बळवंत चौकातून आणलं.
नारिंगी घरातच होतं, कंदिलातून उरलेलं.
भोपळा आमच्याकडे येतो पाव किलोच्या फोडीत,
अख्खा कसा दिसतो यावर थोडा वाद झाला.
शेवटी तिनं एक मोठं कारीट काढलं
आणि त्याला तोंड दिलं.

मग माझं काम.
दोन समांतर चिरा, मधून पट्टी,
पट्टीच्या टोकाला भूत,
भुताच्या खांद्यात जुन्या ब्लाउजचं टिचबटण,
म्हणजे हात फिरेल.
पहिली पट्टी घट्ट. भूत कमरेपर्यंत आलं, अडकलं.
दुसरी सैल. भूत तिरकं, प्यायल्यासारखं.
"अर्धा मिलिमीटर प्ले लागतो," मी म्हणालो.
"भुताला?"
"सगळ्यालाच."

"आणि हे द्यायचंय कुणाला?"
"मनवाला."
मी कटर खाली ठेवला.

बी विंग, चौथा मजला, खर्चे.
यंदा त्यांच्या गॅलरीत कंदील नाही.
फराळाचं ताट हिनं नेऊन दिलं,
मी लिफ्टपाशीच थांबलो होतो.
मनवाचे आजोबा सर्वपित्रीच्या दिवशी गेले.
मे महिन्यातसुद्धा कानटोपी घालून
पहाटे सोसायटीला अकरा फेऱ्या मारायचे,
आणि प्रत्येक फेरीला, ओळख असो नसो, हात करायचे.
त्यांचा मुलगा आणि मी
पार्किंगवरून दोन वर्षं बोलत नाही.

"अगं, त्यांच्या घरात भूत न्यायचं?"
"घाबरवणारं नाहीये ते. हात करणारं आहे."
आणि काळ्या तुकड्यातून तिनं
नखाएवढी कानटोपी कापली,
भुताच्या डोक्याला डिंकानं बसवली.

मी पुढं काही बोललो नाही.
चीर परत मोजली, कडा घासली.
वर येणारं कुणीही करतं.
न अडकता खाली जाईल असं करणं,
त्यात रात्रीचे साडेअकरा झाले.
बाजूला बाण काढून तिनं लिहिलं: इथे ओढा.
"ढा"च्या पोटात दोन डोळे.

पाचव्या दिवशी बेल वाजली.
दारात खर्चे, घरच्या टी-शर्टात,
हातात कार्ड.
"पट्टी तुटली."
"मनवानं जोरात ओढली का?"
ते चपलांच्या रॅककडे बघत राहिले.
"नाही. मीच. रात्री. सारखी सारखी."

आत या म्हणालो.
फायलीचं जुनं प्लास्टिक घेतलं,
त्यातून पट्टी कापली,
कडांवरून झिरो नंबरचा पॉलिश पेपर फिरवला.
टिचबटण चांगलं होतं, हलवलं नाही.
त्यांनी ओढून बघितली.
कानटोपी वर आली. हात झाला.
सोडली. खाली गेली.
"आता किती वेळा चालेल?"

कंपनीत गिऱ्हाईक हेच विचारतं,
आम्ही छापील आकडा देतो: इतके लाख स्ट्रोक,
पुढची जबाबदारी आमची नाही.
मी चहा ठेवायला उठलो.

ओट्यापर्यंत आवाज येत होता,
प्लास्टिक कागदावरून सरकल्याचा,
वर. खाली.
थोडं थांबून, वर.
साखर किती, ते विचारायचं राहिलं.
गाडीचं नंतर बघू.