थांबा

आमच्या घरासमोर बसचा थांबा होता.
एक खांब, निळी पाटी, एकोणीस नंबर,
आणि कुणीतरी आणून ठेवलेली प्लॅस्टिकची खुर्ची,
तीन पायांची. चौथ्या पायाच्या जागी विटा.

बफेलोत बर्फ पडत नाही, सांडतो.
पहाटे श्रीधर मशीन बाहेर काढायचा.
आमच्या दारातला बर्फ कमान करून उडायचा
आणि पडायचा थांब्यावर.
कुठेतरी पडणारच की, तो म्हणायचा.
मीही म्हणायचे, कुठेतरी पडणारच.

त्या ढिगात ती उतरायची, सहा चाळीसला.
जांभळा गणवेश, वरून पुरुषी कोट,
गुडघ्यापर्यंत पाय रुतवत रस्ता ओलांडायची.
काळी, उंच, माझ्याच वयाची असावी.
एकदा मी खिडकीतून हात केला. तिनेही केला.
तेवढी ओळख मला पुरली.

ऑक्टोबरात समोरचा कोवाल्स्की अर्ज घेऊन आला.
थांबा हलवा : कचरा होतो, बसचे ब्रेक किंचाळतात,
घरांच्या किमती, आणि शिवाय, तो म्हणाला,
कसली कसली माणसं...
पुढचा शब्द त्याने गिळला.
गिळलेला शब्द मला नीट ऐकू आला.

सत्तावीस वर्षांपूर्वी आमचं सामान उतरत होतं,
तेव्हा याच घराचा पडदा बोटभर सरकला होता.
आज तो आमच्या ओट्याशी उभा राहून चहा पीत होता,
आलं घातलेला, दुसरा कप.
आपण आता आतले, असं वाटून
मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

मी सही मराठीत करते.
वैजयंती उकिडवे. शेवटच्या वेलांटीला बाक देऊन.
कोवाल्स्की म्हणाला, वा, नक्षीच की.
एकेचाळिसावी सही. चाळीस लागत होत्या.

थांबा गेला सात चौक पलीकडे,
जिथे महामार्गासाठी जमीन खोल खणली आहे
आणि तिच्या पोटात गेलीत दुतर्फा झाडं,
झाडांमागची घरं, घरांतली माणसं.
कुणाला तरी घाई होती लवकर घरी पोचायची.
कुठून तरी रस्ता जाणारच की.

माझ्या आजोळी विहिरीजवळून एक पायवाट
उगाच लांब वळसा घेऊन जायची.
का वळते, मी विचारलं होतं.
तशीच आहे ती, आई म्हणाली, जेव.
इथे नकाशावर सगळे रस्ते पट्टीने आखलेले.
वळसा घेतात ती माणसं.

जानेवारीत कोवाल्स्की वैतागून सांगत होता :
आईला उठवायला येणारी बाई रोज उशिरा.
म्हातारी ओल्यात पडून राहते अर्धा तास.
या लोकांना वेळेची किंमत नाही.
ती कशी येते, त्याला ठाऊक नव्हतं.
मला होतं.
मी म्हटलं, आणखी चहा?

मार्चमध्ये नवी बाई आली. स्वतःची गाडी असलेली.
आधीचीचं नाव काय होतं, मी विचारलं.
डेनिस. का डोरीन. असंच काहीतरी, तो म्हणाला.
रागाने नाही. खरंच आठवत नव्हतं त्याला.
त्याची आई मात्र, नवी बाई सांगते,
सकाळी दाराकडे बघून कुणालातरी हाक मारते.
नाव काय, ते काही कळत नाही, दात नाहीत ना.

खांब उपटला, तिथे वीतभर भोक उरलंय.
खुर्ची कुणी नेली नाही.
काल पुन्हा बर्फ झाला, एप्रिल असून.
मी श्रीधरला म्हटलं, मशीनचं तोंड
जरा आपल्याच हिरवळीकडे वळव.

तो थांबला. मशीन घरघरत होती.
आता का, म्हणाला,
आता तिथे कोण उभं असतं?