चौथा चॅनल

पोस्टरवरची नावं शेवटी गोल छापली,
घड्याळातल्या आकड्यांसारखी,
म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही.
तरी प्रत्येकीनं आपल्यापासून मोजायला घेतलं,
आणि बफेलोचा शो संपेपर्यंत
लाट्रिस मोझेलशी बोलेनाशी झाली.

मी बसते स्टेजच्या डाव्या अंगाला, पडद्याआड.
लोकांना काय ऐकू जावं ते हॉलच्या पार मागे बसलेला डार्नेल बघतो,
माझ्याकडे फक्त बायकांच्या कानांत काय जायचं तेवढं.
बाहेर माईक बंद असला तरी माझ्याकडे उघडा असतो.
म्हणून मला माहीत आहे
की इव्हॉन पहिल्या ओळीआधी मेलेल्या नवऱ्याला
एक शिवी हासडते, रोज तीच.
ब्रियेल, सगळ्यांत धाकटी,
जिच्यासाठी पोरी पहाटेपासून रांग लावतात,
वीसपासून उलटे आकडे मोजते.
लाट्रिसचं काहीच नाही, नुसता श्वास,
पायपेटीचा भाता भरून घेतल्यागत.
आणि मोझेल पेपरमिंट चघळते.
ती गोळी दातांवर आपटल्याचा आवाज
बावीस गावं माझ्या कानात साचलाय.

मोझेल एकाहत्तरची.
ते गाणं तिनं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा
गॅरीत पोलादाच्या भट्ट्या रात्रभर पेटत्या असत,
पाळी सुटलेले बाप्ये डबा काखेत धरून
बारच्या दाराशी उभे राहत.
तीच पट्टी तिला आजही हवी.
डेटनला जेवताना थॅडियसनं, बँड त्याचा,
मीठ मागावं इतक्या सहज विचारलं होतं,
अर्धा सूर खाली घेऊ या का?
तिनं मीठ पुढं सरकवलं.

सिनसिनाटीला तो सूर आला नाही.

मान वर गेली, नेहमीसारखी,
डावा हात उघडला, तोंड उघडलं,
आणि माझ्या कानात नुसती हवा आली,
ओला कागद फाटताना येते तशी.
चार हजार माणसं.
पहिल्या रांगेत एक बाई पर्समध्ये चष्मा शोधत होती.

तेवढ्यात मागच्या अंधाऱ्या पायरीवरून,
लोकांकडे पाठ करून उभ्या असलेल्या लाट्रिसनं
तो सूर उचलला,
बोलणं बंद असलेल्या जावेनं
निसटत्या ताटाला खालून हात द्यावा तसा.
तिचा माईक बंद होता.
हेडसेटवर मी डार्नेलला फक्त ‘चार’ म्हटलं.
त्यानंही काही विचारलं नाही.

लोक उभे राहिले. लोकांना कळलं नाही.
मोझेलला कळलं. ती वळली नाही,
तिचा उघडा हात तेवढा हळूहळू मिटला,
तळव्यावर कुणी नाणं ठेवल्यासारखा.

रात्री बसमध्ये यावर अवाक्षर नाही.
इव्हॉनच्या पोटऱ्यांत गोळे आले,
ब्रियेल चोळत बसली, नदी ओलांडेपर्यंत.
लाट्रिस झोपेचं सोंग घेऊन पडलेली.
तिच्या उशाशी मोझेलनं
मूठभर पेपरमिंटच्या गोळ्या ठेवल्या
आणि पावलं न वाजवता परत गेली,
जी जन्मभर पावलं वाजवतच खोलीत शिरली.

दुसऱ्या दुपारी, लुईव्हिलला, रिकाम्या हॉलमध्ये,
ती थॅडियसला म्हणाली, अर्धा सूर खाली.
त्यानं मान वर न करता लिहून घेतलं.
मग बुटाचा बंद सोडता सोडता, खाली बघत,
‘बफेलोत बोलले ते खोटं नव्हतं.
पण बोलायचं काही कारण नव्हतं.’
कुणाला म्हणाली कोण जाणे, जवळपास कुणी नव्हतं,
फक्त तिच्या छातीवरचा माईक,
बाहेर बंद.

लाट्रिस दुसऱ्या टोकाला
कानात यंत्र घालून केसांना पिना लावत होती.
मी तिच्या कानातली एक नंबरची कळ
बोटभर वर सरकवली.
चोरी असेल तर असो.
पिन तिच्या हातात तशीच राहिली.
बराच वेळ.
मग कुणाकडेही न बघता,
म्हणजे माझ्याकडेच, तिनं सांगितलं,
‘मोझेलचा आवाज थोडा वाढव.’