पिको-फॉल

सिडकोत, पवननगरच्या भाजीबाजारामागे
गिरणीच्या वर एक खोली आहे.
तिथे संध्याकाळी सातला बोरस्त्यांची मृण्मयी
आम्हा अकरा बायकांना इंग्रजी शिकवते.
खालून पीठ उडतं. फळा न लिहिताच पांढरा होतो.

पहिल्या दिवशी तिनं लिहिलं : फॉल, म्हणजे पडणे.
मी म्हटलं, मॅडम, बावीस वर्षं मी फॉल लावते
तो साडी चापूनचोपून खाली राहावी म्हणून.
ऐंशी रुपये. घाई असेल तर शंभर.
ती हसली. म्हणाली, काकू, ते वेगळं.

मग रोजच काहीतरी वेगळं निघू लागलं.
रन म्हणजे धावणे,
पण नळ रन होतो, नाक रन होतं, दुकानही रन करतात,
आणि कापडाचा कच्चा रंग सुटला तरी रनच.
हे मात्र मला लगेच पटलं :
एका गिऱ्हाइकाचा लाल काठ माझ्या बादलीत
पांढऱ्या अंगावर असाच धावत सुटला होता,
पैसे मी भरून दिले.

विमान उडतं ते टेक ऑफ, चप्पल काढायची तेही टेक ऑफ.
पुंजाबाई निमसे म्हणाल्या, मग ओझरला विमानात
अनवाणीच बसायचं की काय?
त्या दिवशी शिकवणं तिथंच संपलं.

घरी येताना मी आपलेच शब्द मोजू लागले.
मी फॉल लावते. कुकर लावते.
पोरीचं लग्न लावलं. पोराला कामाला लावलं.
नवऱ्याला वाटेला लावलं,
हे मनातसुद्धा नीट म्हणता येत नाही.
शब्द म्हणजे रामकुंडावरचा दुतोंड्या मारुतीच,
एक तोंड इकडे, एक तिकडे,
आणि पाणी कुठवर चढलं
ते पूर आल्यावरच कळतं.

ऑफ शिकवलं त्या दिवशी मी वहीत काही लिहिलं नाही.
अंबडच्या कंपनीतून फोन आला होता,
वहिनी, खैरनार ऑफ झाले.
मी म्हटलं, नाही हो,
त्यांचा ऑफ तर शनिवारी असतो.
तिकडून नुसता मशिनांचा आवाज.
माझ्या हातात कुणाचीतरी मोरपंखी साडी,
सुई अर्धी आत, अर्धी बाहेर.
शनिवारीच असतो, मी पुन्हा म्हटलं.

काल मृण्मयी दुकानात आली.
मामाच्या लग्नाला नेसायची म्हणे,
आईची जुनी, जांभळी, जड काठाची.
फॉल बदलून हवा होता.
वर तक्रार : काकू, मला साडी कॅरीच करता येत नाही.

कॅरी म्हणजे वाहून नेणे,
तिनंच लिहिलं होतं सोमवारी.
मी काही बोलले नाही.
आधीचा फॉल उसवला, काठावरची सुरकुती नखानं दाबली,
नवा लावला. टाका वरून दिसू द्यायचा नसतो.
दातानं दोरा तोडला आणि म्हटलं,
सुरुवातीला पायात येते गं.
मग चालता येतं.

तिनं पैसे पुढे केले. मी ऐंशीच घेतले.